'होय' म्हणण्याआधी ती पुस्तिका उघडा : विधानसभा सदस्यांना खुले पत्र

महाराष्ट्र विधानसभेच्या सर्व २८८ सन्माननीय सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी छत्तीस वर्षे कोषागारात नोकरी केली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि २०२३ साली निवृत्त झाले. सरकारी पैसा शेवटी ज्या खिडकीतून बाहेर पडतो, त्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी बसत होते. मंत्रालयात कोण काय ठरवतो ते मला कधी कळले नाही, पण ठरलेल्याचे पुढे काय होते ते मी रोज पाहिले. सरकारच्या पैशाच्या मागण्यांना 'होय' म्हणण्याआधी त्यांची पुस्तिका उघडून प्रश्न विचारा, एवढेच मला मागायचे आहे. पण रोज पाहिलेल्यातले एक सांगितल्याशिवाय ते तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

बारा-तेरा वर्षे झाली असतील. ३१ मार्चची रात्र. कोषागारात त्या रात्री जत्रा असते. व्हरांड्यात, जिन्यावर, झाडाखाली, जिथे जागा मिळेल तिथे वेगवेगळ्या कार्यालयांचे लेखा लिपिक देयके घेऊन बसलेले असतात. ज्याचे अनुदान बीम्सवर, म्हणजे निधीवाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर दिसले तो धावत आत येतो, ज्याचे दिसले नाही तो फोन कानाला लावून उभा राहतो. साडेनऊच्या सुमारास तालुक्याच्या गावाहून आलेला एक लिपिक माझ्यासमोर आला. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या छताच्या दुरुस्तीचे देयक होते. पाऊस नसतानाही त्याने फाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणली होती. आदल्या पावसाळ्यात त्याच छताखाली कागद भिजले होते म्हणे, तेव्हापासून त्याला ती सवयच लागली होती. वर्षभर मागितलेली रक्कम तासाभरापूर्वी वितरित झाली होती. मी देयक तपासले. लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कोणत्या खाती टाकायचा त्याचा क्रमांक, चुकला होता. एक अंक. नियमाप्रमाणे मला आक्षेप नोंदवून ते परत करावे लागले, आणि मी ते केले. दुरुस्त करून सही आणायला साहेब साठ किलोमीटरवर. बारा वाजले. निधी व्यपगत झाला, वर्षाबरोबर संपून परत गेला.

त्याच रात्री, त्याच खिडकीतून, त्या छताच्या कित्येक पट रकमा बिनबोभाट निघाल्या. त्यांचे कागद चोख होते. त्या रकमा कुठल्या कामावर खर्च झाल्या नव्हत्या. 'निधी वाचवायचा' म्हणून त्या एकत्रित निधीतून, म्हणजे राज्याच्या मुख्य तिजोरीतून काढून स्वीय प्रपंजी लेख्यात, म्हणजे अधिकाऱ्याच्या नावे असलेल्या वेगळ्या सरकारी खात्यात नेऊन ठेवल्या होत्या. राज्याच्या हिशोबात त्या 'खर्च' झाल्या. पुढच्या वर्षी तुमच्यासमोर जे आकडे आले, त्यांत त्या रकमा खर्चाच्या रकान्यात होत्या आणि छताची रक्कम 'बचत' म्हणून होती.

सन्माननीय सदस्यहो, हे मला तुमच्या कानावर घालायचे होते. तुमच्यासमोर येणारा आकडा खोटा नसतो. पण त्याला कुणी विचारल्याशिवाय तो पूर्ण बोलत नाही. आणि विचारण्याचा अधिकार आमच्यापैकी कुणाला नाही, तुम्हाला आहे.

संविधानाच्या २०३ व्या अनुच्छेदाने अनुदानाच्या मागण्या मंजूर करण्याचा, त्या फेटाळण्याचा आणि त्यांत कपात करण्याचा अधिकार विधानसभेला दिला आहे. विधान परिषदेलाही तो नाही. २६५ वा अनुच्छेद सांगतो की कायद्याच्या आधाराशिवाय एक पैसाही कर बसवता येणार नाही. म्हणजे माझ्या खिशातून पैसा काढायलाही तुमची संमती लागते आणि तिजोरीतून काढायलाही. माझ्या टेबलावर आलेले प्रत्येक देयक शेवटी तुमच्या 'होय'वर उभे होते.

आता त्या 'होय'ला किती वेळ मिळतो ते पाहा. २०२४-२५ चा राज्याचा अर्थसंकल्प सुमारे ६ लाख १२ हजार कोटींचा होता. त्या जुलैच्या अधिवेशनात ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मधेच मागितलेल्या जादा रकमा, आल्या. डिसेंबरात नागपूरला ३५,७८८ कोटींच्या आल्या. मार्च २०२५ मध्ये आणखी ६,४८६ कोटींच्या. बेरीज १ लाख ३७ हजार कोटींच्या पुढे जाते, मूळ अर्थसंकल्पाच्या एक पंचमांशाहून जास्त. पुढच्या वर्षीही तेच झाले. जून २०२५ अखेरीस सुरू झालेल्या पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटी, डिसेंबरात ७५,२८६ कोटी. यातला काही भाग नुसते इकडचे तिकडे असतो, निव्वळ भार कमी असतो, हे मला माहीत आहे. कोषागारात आयुष्य गेलेल्या बाईला ते कुणी समजावून सांगायला नको. पण ज्या अर्थसंकल्पावर मार्चमध्ये भाषणे होतात, टीव्हीवर चर्चा होतात, तो तीन महिन्यांत इतका बदलत असेल, तर मग मार्चमध्ये तुम्ही नेमके काय मंजूर करता?

संविधानाच्या २०५ व्या अनुच्छेदात पुरवणी मागणीची सोय आहे ती अडीअडचणीसाठी. महापूर आला, गारपीट झाली, केंद्राची नवी योजना आली, न्यायालयाचा आदेश आला, तर मधेच पैसा लागतो. तो द्यावाच लागतो. पण महागाई भत्ता, चालू रस्त्यांची देणी, शिष्यवृत्तीची थकबाकी या गोष्टी काही अचानक आभाळातून पडत नाहीत. त्या मार्चमध्येही माहीत असतात. आणि दुसरी बाजू अशी की महालेखापरीक्षकांच्या अहवालांत एक शेरा पुन्हा पुन्हा वाचायला मिळतो : मूळ तरतूदसुद्धा पूर्ण खर्च झाली नव्हती, तरी त्याच शीर्षाखाली पुरवणी घेतली, ती अनावश्यक ठरली. घरात पिठाचा डबा अर्धा भरलेला असताना उसने पीठ आणावे तसे हे. डबा उघडून बघायला कुणी सांगितलेच नाही, तर उसने येतच राहणार.

डिसेंबर २०२४ चे नागपूर अधिवेशन १६ ते २१ तारखेपर्यंत होते. सहा दिवस. त्यात राज्यपालांच्या अभिभाषणावरची चर्चा, शोकप्रस्ताव, लक्षवेधी, विधेयके, आणि या सगळ्यातून उरलेल्या वेळात ३५,७८८ कोटी. मी सभागृहातली चर्चा पाहते, ऐकते. पुरवणी मागण्यांवर बोलायला उठलेले सदस्य बहुतेक वेळा आपल्या मतदारसंघातला पूल, बसस्थानक, पाण्याची टाकी मांडतात. ते मांडायलाच हवे, लोकांनी त्यासाठीच तुम्हाला पाठवले आहे. पण मागणीच्या पुस्तिकेत ज्या पानावर शेकडो कोटी आहेत, त्या पानाचे नावही चर्चेत निघत नाही, तेव्हा जीव कासावीस होतो. मग वेळ संपतो, उरलेल्या विभागांच्या मागण्या एकत्र मतास टाकल्या जातात आणि 'होय'चे बहुमत जाहीर होते. दिल्लीतही हेच. २३ मार्च २०२३ रोजी लोकसभेने सुमारे ४५ लाख कोटींच्या मागण्या चर्चेविना मंजूर केल्या, गोंधळ चालू असताना, काही मिनिटांत.

'लाडकी बहीण'चे उदाहरण घेते, कारण त्यावर बोलताना माणसे लगेच दोन गटांत विभागतात आणि आकडा बाजूला राहतो. माझ्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना दरमहा १,५०० रुपये मिळतात. पहिल्या हप्त्यातून त्यांनी मुलीला शाळेचे बूट घेतले आणि ते मला दाखवायला आणले. त्या पैशांविरुद्ध माझे एक अक्षर नाही. योजना २८ जून २०२४ च्या (त्या वर्षी मार्चऐवजी जूनमध्ये आलेल्या) अर्थसंकल्पात जाहीर झाली, वर्षाला ४६ हजार कोटी लागतील असे सांगितले गेले. आणि त्यातले २५ हजार कोटी दोन आठवड्यांच्या आत पुरवणी मागणीतून आले. सभागृहाने तेव्हा विचारायला हवे होते : बायकांची संख्या कशावरून धरली? पैसा कुठल्या विभागाच्या ताटातून येणार? पुढच्या पाच वर्षांचा अंदाज कुठे आहे? पुढल्या वर्षी, २०२५-२६ साली, तरतूद ३६ हजार कोटींवर आली, म्हणजे १० हजार कोटींचा फरक. पहिला अंदाज चुकला होता, की बायका वगळल्या जाणार होत्या? हा प्रश्न योजनेच्या विरोधकाचा नाही. जिला पुढच्या महिन्यात हप्ता येईल की नाही याची धाकधूक आहे, त्या ताईंचा तो प्रश्न आहे.

त्याच २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ७,००,०२० कोटींचा खर्च दाखवला होता आणि ४५ हजार कोटींहून अधिक महसुली तूट. तूट म्हणजे कर्ज, आणि कर्ज म्हणजे व्याज. व्याज हा 'भारित' खर्च आहे. त्यावर तुम्ही बोलू शकता, मत देऊ शकत नाही. म्हणजे कर्ज एकदा झाले की त्याच्या व्याजाला 'नाही' म्हणण्याचा अधिकार तुमच्याकडेही उरत नाही. जे काही विचारायचे ते आधी.

खर्चाचे झाले, आता कराचे. माझ्या पगारपत्रकात निवृत्तीच्या महिन्यापर्यंत एक ओळ होती : व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००, कारण २७६ व्या अनुच्छेदाने त्याहून जास्त घेता येत नाही. नोकरीत लागले तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला सांगितले होते, 'हा कर १९७५ साली रोजगार हमीसाठी लावलाय, तो कापला की वाईट वाटून घेऊ नकोस.' मला कधी वाईट वाटले नाही. १९७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जात होती. तिथे मिळालेली सुकडी ती पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. मी सात वर्षांची होते. त्या सुकडीची चव अजून जिभेवर आहे. तेव्हा शहरातल्या पगारदाराच्या पगारातून गावातल्या हाताला काम देण्याचा हा कर म्हणजे मला महाराष्ट्राने केलेली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. पण दरवर्षी त्या कराचे किती जमले आणि त्यातले किती रोजगार हमीच्या कामावर पोहोचले, हे दोन आकडे एका ओळीत शेजारी शेजारी ठेवून कुणी सभागृहात मागितलेले मला आठवत नाही.

ऑक्टोबर २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागे २ रुपये अधिभार बसला. दुष्काळ होता, लोकांनी दिले. दुष्काळ गेला, पाऊस झाला. लिटरमागचा अधिभार वेगवेगळ्या रूपांत राहिला. ज्या कारणासाठी कर घेतला ते कारण संपले की त्याचा जाब विचारणार कोण? पंपावर उभा असलेला माणूस विचारू शकत नाही. त्याच्या वतीने तुम्हीच.

हे विचारण्याची परंपरा आपल्याच घरातली आहे. २६ मार्च १९०२. कलकत्त्याला इंपीरियल लेजिस्लेटिव्ह कौन्सिल भरले होते, अध्यक्षस्थानी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन. अर्थसंकल्पात मोठी शिल्लक होती आणि जो तो अर्थसदस्यांचे अभिनंदन करत होता. पस्तिशीतले गोपाळ कृष्ण गोखले उठले आणि म्हणाले की मला मनापासून या अभिनंदनात सामील होता येत नाही. दुष्काळाने आणि प्लेगने मोडलेल्या देशात ही शिल्लक आली कुठून, हे त्यांनी आकडा आकडा मांडून दाखवले : रुपयाचा भाव पडला असताना वाढवलेले कर, भाव सावरल्यावरही तसेच ठेवले, म्हणून. मिठावरच्या कराबद्दल बोलले, गरिबाच्या भाकरीबद्दल बोलले. पुढल्याच वर्षी मिठाचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला, प्राप्तिकराची मर्यादा पाचशेवरून हजारावर गेली, आणि १९०७ पर्यंत मिठाचा कर एका रुपयावर उतरला. एका भाषणाने हे झाले असे मी म्हणणार नाही. पण ते भाषण झाले नसते तर तो आकडा मूकच राहिला असता.

यात दोन गोष्टी मनावर ठसतात. एक, गोखल्यांना मतच नव्हते. १८९२ च्या कायद्याप्रमाणे सदस्यांना अर्थसंकल्पावर बोलता यायचे, मत देता यायचे नाही, एक पैची कपात सुचवता यायची नाही. दोन, ते आकडे त्यांनी एकट्याने जमवले नव्हते. सोलापूरच्या सरकारी हायस्कुलात मुख्याध्यापक राहिलेले गणेश व्यंकटेश जोशी सरकारची जाडजूड निळी पुस्तके उघडून बसायचे आणि त्यांतून काढलेले हिशोब गोखल्यांना पुरवायचे. एक शाळामास्तर आणि एक प्राध्यापक, दोघांनी मिळून साम्राज्याचा हिशोब तपासला. तुमच्याकडे मत आहे, विधिमंडळाचे ग्रंथालय आहे, प्रत्येक विभागाचा मंत्री तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायला बांधील आहे.

तुमच्याच आधीच्या सभागृहात, मुंबई विधिमंडळात, फेब्रुवारी १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थसंकल्पावर बोलले तेव्हा त्यांनी हेच केले. शेतसाऱ्यावर बोट ठेवले : प्राप्तिकराला मर्यादा आहे, तिच्याखालच्याला तो माफ, पण एका एकरवाल्याला मात्र सारा चुकत नाही, पीक आले तरी आणि नाही आले तरी. त्याच बाबासाहेबांनी संविधान सभेत नियंत्रक व महालेखापरीक्षक हा संविधानातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे असे सांगितले.

आणि त्या अधिकाऱ्याचा अहवाल आपल्या सभागृहात येतो कधी? १५१ व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्यपाल तो विधिमंडळापुढे ठेववतात, पण किती दिवसांत, हे तिथे लिहिलेले नाही. म्हणून तो येतो अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी. २०२४ च्या पावसाळी अधिवेशनातही तसेच झाले, १२ जुलैला अहवाल पटलावर आणि त्याच दिवशी अधिवेशन संस्थगित. वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी चार बातम्या येतात, मग लोकलेखा समितीकडे, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्या विधिमंडळ सदस्यांच्या समितीकडे फाइल जाते. त्या समितीत काम केलेल्या काही सदस्यांनी रात्री जागून अहवाल वाचलेत, सचिवांना घाम फोडलाय, हे मी आमच्या खात्यातल्या वरिष्ठांकडून ऐकले आहे आणि त्या सदस्यांबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्या खोलीत काय विचारले गेले ते आम्हाला दिसत नाही.

आकडा वाचला तर काय होते हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २०११-१२ च्या आर्थिक पाहणी अहवालात एक ओळ होती : दशकभरात पिकाखालच्या एकूण क्षेत्राशी सिंचित क्षेत्राचे प्रमाण ०.१ टक्क्याने वाढले. छापील पुस्तकातली ती एक ओळ. ती कुणीतरी वाचली, सिंचनावर झालेल्या हजारो कोटींच्या खर्चाशेजारी ठेवली, आणि २०१२ सालात उपमुख्यमंत्र्यांचा राजीनामा आला, सिंचनाची श्वेतपत्रिका आली. त्या राजकारणात मला पडायचे नाही. ती ओळ आपण होऊन बाहेर आली नव्हती, एवढेच मला म्हणायचे आहे.

म्हणून हात जोडून मागते. पुरवणी मागण्या पटलावर ठेवल्यापासून मतदानापर्यंत निदान सात दिवस मिळावेत, आणि अधिवेशन त्याहून छोटे असेल तर पुस्तिका आधी घरी पाठवावी. पुस्तिकेत प्रत्येक मागणीपुढे आणखी दोन रकाने असावेत : मूळ तरतूद किती, आणि आजपर्यंत प्रत्यक्ष खर्च किती. ही माहिती बीम्सवर रोजच्या रोज असते, ती काढायला एका माणसाला एक दुपार पुरते, हे मी जबाबदारीने सांगते. मार्चमध्ये काढून स्वीय प्रपंजी लेख्यात ठेवलेल्या रकमांची विभागवार यादी दर जूनमध्ये सभागृहापुढे यावी. महालेखापरीक्षकांचा अहवाल सरकारच्या हाती असेल तर तो अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी ठेवावा. केरळच्या विधानसभेत १९८० पासून विषय समित्या आहेत, विभागाच्या मागण्या त्या आधी बसून तपासतात आणि मग सभागृह मत देते. आपल्याकडच्या प्रत्येक मागणीलाही मतास येण्याआधी असे कुणीतरी बसून तपासलेले असावे. यातल्या कशालाही घटनादुरुस्ती लागत नाही. नियम समितीची बैठक आणि अध्यक्षांची इच्छा पुरते. सत्ताधारी बाकांवरच्या सदस्यांना हे विशेष सांगते, कारण प्रश्न विचारणे म्हणजे सरकार पाडणे नव्हे. कपात सूचना विरोधकांनी मांडायची असते असा समज झालाय, पण खर्च तपासण्याचे काम सभागृहाचे आहे, बाकाचे नाही.

आणि नियम बदलेपर्यंत, एकट्या सदस्यालाही एक गोष्ट करता येईल. येत्या अधिवेशनात पुरवणी मागण्यांची पुस्तिका हातात आली की सार्वजनिक आरोग्य विभागाचे पान काढा. लेखाशीर्ष २२१०, बांधकाम असेल तर ४२१०. तुमच्या तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दुरुस्तीसाठी गेल्या मार्चमध्ये किती मंजूर झाले, किती तारखेला वितरित झाले आणि किती परत गेले, एवढे लेखी विचारा. उत्तर आले की ते मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे कामकाजाच्या नोंदीत राहील.

ते छत पुढे कधी दुरुस्त झाले, मला कळले नाही. त्या लिपिकाने परत जाताना फाइल पुन्हा त्याच पिशवीत घातली होती.

कळावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त कोषागार कर्मचारी